संडास बांधून झाले. खड्डा भरल्यावर काय?

चावडीवरचा

मंडळी, विषय जेवताना वाचायचा नाही, आधीच सांगून ठेवतो.

स्वच्छ भारत योजनेत २०१४ ते २०१९ या पाच वर्षांत ग्रामीण भागात दहा कोटींहून जास्त संडास बांधले गेले. बारा हजार रुपये अनुदान, संडासासमोर उभ्या लाभार्थ्याचा फोटो, आणि २ ऑक्टोबर २०१९ ला सगळा ग्रामीण भारत हागणदारीमुक्त जाहीर. पाच-सहा माणसांच्या घराला एक शोषखड्डा साधारण पाच-सहा वर्षं पुरतो. हिशोब तुम्हीच करा. ते खड्डे आता भरायला लागलेत, बरेचसे भरूनही झालेत.

योजनेतली मूळ रचना साधी आहे आणि खरं तर फार हुशारीची. दोन खड्डे, मध्ये वाय आकाराच्या वाटेचं छोटं चेंबर. एका वेळी एकच खड्डा चालवायचा. तो भरला की चेंबरमध्ये त्याचं तोंड बंद करायचं आणि मैला दुसऱ्याकडे वळवायचा. पहिला दीड-दोन वर्षं झाकून ठेवला की आत सोनखत तयार. काळं, भुसभुशीत, वास नसलेलं. फावड्याने काढा, शेतात टाका. गाडी नको, टँकर नको, कोणाला घाणीत उतरायला नको.

आता आमच्या गावची तऱ्हा. मी जिथे जिथे विचारलं तिथे बहुतेकांकडे खड्डा एकच. दुसऱ्याच्या जागी मातीवर नुसतं सिमेंटचं झाकण. फोटोत झाकणं दोन, खाली खड्डा एक. जिथे खरोखर दोन आहेत तिथे दोन्ही पाइप पहिल्या दिवसापासून उघडे, त्यामुळे दोन्ही बरोबरीने भरत आलेत. एका घरी तर चेंबरवरच तुळशीवृंदावन बांधलंय आणि आजी ते हलवू देत नाहीत.

आपण संडास मोजतो, खड्डा कोणीच मोजत नाही, असं माझं म्हणणं आहे. तुमच्याकडे काय चाललंय? नुसत्या सरकारला शिव्या नकोत, त्यासाठी बाकीचे धागे आहेत.

ओळंबा

बांधकामातला माणूस आहे म्हणून लिहितो. शोषखड्ड्याची भिंत जाळीची असते, विटांमध्ये मुद्दाम भोकं सोडायची. तळाला कोबा करायचा नाही. पाणी जमिनीत जिरलं पाहिजे, तरच मैला सुकेल. हे गिऱ्हाइकाला पटवता पटवता घसा सुकतो. "एवढे पैसे घेतले आणि खाली माती तशीच ठेवता होय?" मग तो पाठीमागे दुसरा गवंडी बोलावतो, कोबा करून घेतो, आतून गिलावा मारून घेतो. पाणी जाणार कुठे? वर्षाच्या आत खड्डा तुडुंब, आणि नाव आमचं खराब.

दुसरं टोक म्हणजे हौसेचा सेप्टिक टँक. पैसेवाला माणूस सांगतो, खोली एवढा मोठा आणि विहिरीएवढा खोल बांध, माझ्या हयातीत भरायला नको. त्याला ना मधली भिंत, ना शोषखड्डा, वरचं पाणी सरळ गटारात. सेप्टिक टँक म्हणे! नुसता हौद आहे तो. तीन कप्पे नाहीत आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याची सोय नाही, तर आजार घरातून काढून शेजाऱ्याच्या दारात सोडला, एवढंच.

भांड्याचंही सांगतो. ग्रामीण पॅनचा उतार तीव्र असतो आणि खालच्या ट्रॅपमध्ये (वाकड्या नळीत) पाण्याची पातळी फक्त २० मिलिमीटर असते, त्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यात काम भागतं. लोक शहरातल्या दुकानातून चकचकीत सपाट भांडं आणतात, त्याला अख्खी बादली लागते. जिथे पाणी डोक्यावरून येतं तिथे रोजच्या चार-पाच बादल्या जास्तीच्या. भांडं निवडतो बाप्या, पाणी आणते बाई.

मनीषा_के

ओळंबा, शेवटचं वाक्य शंभर नंबरी.

पण मोठा हौद बांधण्यामागे केवळ हौस नाही. "माझ्या हयातीत भरायला नको" याचा अर्थ "तो उपसायचा प्रश्न माझ्यासमोर येऊ नये". कारण उपसणं हे एका ठरावीक जातीचं काम, हे डोक्यात पक्कं बसलेलं आहे. दोन खड्ड्यांच्या पद्धतीत खत स्वतः काढायचं असतं, आणि नेमकं तेच करायला कोणी तयार नाही. २०१७ मध्ये केंद्राच्या स्वच्छता खात्याचे सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावात स्वतः खड्ड्यात उतरले आणि हाताने खत काढून दाखवलं. ही घाण राहिलेली नाही, हे देशाला दाखवायला सनदी अधिकाऱ्याला खड्ड्यात उतरावं लागतं, यावरूनच समजा.

कायदा आहे. हाताने मैला उपसण्याची प्रथा १९९३ च्या कायद्याने बंद, २०१३ च्या कायद्याने आणखी कडक. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारात मेलेल्यांच्या वारसांना दहा लाख द्यायला सांगितलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. तरी दर काही आठवड्यांनी पेपरात बातमी असतेच: सेप्टिक टँकमध्ये गुदमरून दोघांचा मृत्यू, तिघांचा मृत्यू. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो. आतल्या हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यासारखा वास सुरुवातीला येतो, प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटतं गॅस निघून गेला.

हाताने मैला उपसण्याच्या प्रथेविरुद्ध लढणाऱ्या बेझवाडा विल्सन यांना २०१६ मध्ये मॅगसेसे मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी अभिनंदनाचे संदेश फिरवले होते. आपल्या सोसायटीची टाकी कोण उपसतो, हे त्याच लोकांना विचारून बघा.

टग्या_पाटील

झालं, आली जात.

अहो, मुळात फुकट दिलेल्या वस्तूची किंमत नसते. २०००-०१ मध्ये आर. आर. आबांनी ग्रामविकासमंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान काढलं. त्यात घरोघरी अनुदान नव्हतं, गावागावांत स्पर्धा आणि जिंकणाऱ्या गावाला बक्षीस. लोकांनी स्वतः खराटे घेतले. आमच्या गावात तेव्हा बांधलेले संडास अजून चालू आहेत, आणि बारा हजारवाल्यांत कडबा भरलाय.

बांगलादेशातही हेच झालं. राजशाही जिल्ह्यातल्या मोसमोइल गावात कमल कार यांनी १९९९-२००० च्या सुमारास अनुदान न देता गावालाच नकाशा काढायला लावला, कोण कुठे बसतं आणि ते पावसात कुठे वाहून येतं. लोकांना स्वतःचीच किळस आली आणि त्यांनी आपापले खड्डे खणले. पुढे ती पद्धत जगभर गेली.

मनीषा_के

पाटील, जात मी आणली नाही, ती खड्ड्यापाशी आधीपासून उभी आहे.

किळस आणि लाज यांत फरक आहे. आपल्याकडे त्या पद्धतीचं गुड मॉर्निंग पथक झालं. पहाटे बॅटरी घेऊन शेतात, बसलेल्या बाईच्या तोंडावर उजेड, शिट्ट्या, गुलाबाचं फूल, फोटो. ज्याच्याकडे संडास बांधायला जागाच नाही त्याने काय करायचं? २०१९ च्या सप्टेंबरात मध्य प्रदेशातल्या शिवपुरी जिल्ह्यात भावखेडी गावात उघड्यावर बसली म्हणून दोन दलित मुलांना मारून टाकलं. त्यांच्या घरी संडास नव्हता.

टग्या_पाटील

त्या घटनेचं समर्थन कोणीच करत नाहीये. पथकाचा अतिरेक झाला, मान्य. अनुदानाबद्दलचं माझं मत तेच आहे.

लातूरची_लेक

कडबा का भरला ते सांगू का दादा?

२०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, आठवतंय ना? त्या वर्षी आमच्या वस्तीवर टँकर आला की बाया-लेकरं पाइपावर तुटून पडायची. घरात प्यायला दोन घागरी. त्यातलं पाणी संडासात ओतायचं? सासूने एका दिवसात निर्णय दिला, बाप्यांनी आणि पोरांनी रानात जायचं, संडास फक्त बाळंतिणीला आणि आजारी माणसाला. उरलेल्या वेळी आत सरपण. पाऊस पडल्यावर सरपण निघालं, पण बाप्यांची सवय मोडलेली ती मोडलेलीच.

आता नळ आलाय. २०१९ च्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर म्हणतात. तोटी आहे, मीटरची जागा आहे, निळा पाइप आहे. पाणी आठवड्यातून दोनदा, तेही वीज असली तर. बोअर उन्हाळ्यात आटतो, त्यावर उभी केलेली योजना काय करणार? चावडीवरचे दादा, तुमच्या खड्ड्याबरोबर हेही घ्या. आमच्याकडे तोट्या मोजतात.

कृष्णाकाठ

लातूरची_लेक, +१००.

थोडी बरी बातमी. सातारा जिल्ह्यात वाईला बघा. लहान शहर, बहुतेक घरांना सेप्टिक टँक. पूर्वी टाकी तुंबून वर यायला लागली की मग पालिकेत फोन, मग गाडीची वाट. २०१८ पासून त्यांनी उलटं केलं. दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची टाकी ठरल्या दिवशी उपसायची, तक्रार असो वा नसो. कंत्राटदाराला पैसे काम बघून पालिका देते, घरमालकाने त्या दिवशी खिशात हात घालायचा नाही, कारण खर्च करातून वसूल होतो. गाडी भरली की ती नदीकाठी किंवा शेतात रिकामी होत नाही, मैल्यावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्रात जाते. नाशिक जिल्ह्यात सिन्नरनेही हीच वाट धरली.

यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे गरीब घरालाही तीच गाडी, त्याच दिवशी. एरवी खासगी गाडीवाला एका खेपेचे जे पैसे मागतो ते हातावर पोट असलेल्याला झेपत नाहीत, मग तो टाकीला रात्री भोक पाडतो आणि नाल्यात सोडतो.

टग्या_पाटील

कर कोण भरतं तिथे? आमच्याकडे घरपट्टी वसूल करायला गेलेल्या शिपायाला कुत्रं सोडतात.

कृष्णाकाठ

वाईकर काही देवमाणसं नाहीत. गाडी दारात दिसते म्हणून भरतात. तुमच्याकडे शिपायाआधी गाडी पाठवून बघा.

देहूकर

सोनखताची चर्चा चालू आहे आणि अजून अप्पासाहेब पटवर्धनांचं नाव निघालं नाही, कमाल आहे. कोकणचे गांधी. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी स्वतः भंगीकाम मागितलं, सरकारने नाकारलं, म्हणून उपास केला. त्यांच्यासाठी येरवड्यात गांधींनीही उपास सुरू केला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात संडास आणि सोनखत याच प्रयोगांत ते बुडालेले होते. माणसाच्या विष्ठेला शिवावं लागू नये आणि ती वायाही जाऊ नये, हा त्यांचा ध्यास. आज सरकार जी दोन खड्ड्यांची गोष्ट सांगतं तिचा विचार आपल्याकडे इतका जुना आहे.

त्यांच्याच वाटेने गेलेले आमचे डॉ. सुहास मापुसकर. १९६० च्या सुमारास देहूच्या आरोग्य केंद्रात आले. पोटाचे विकार, जंत, हगवण, रोज तेच पेशंट. औषध देऊन उपयोग नाही म्हणून ते संडासाकडे वळले आणि मग आयुष्यभर तिथेच राहिले. १९८० च्या सुमारास देहूत घरोघरी संडास झाले होते, कुठलंही राष्ट्रीय अभियान नसताना. संडासाला जोडलेला त्यांचा ‘मलप्रभा’ बायोगॅस इथल्या घरांत चुलीला गॅस देत होता. ज्या गॅसवर भाकरी भाजायची तो कुठून येतो, हे वारकऱ्यांच्या गावात पटवून देणं सोपं होतं का? त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली, २०१७ ला.

पाटलांना एक सांगतो. डॉक्टर लोकांच्या मागे वीस वर्षं लागले. फुकट की विकत यापेक्षा मला तो वेळ महत्त्वाचा वाटतो. अभियानाला मार्चअखेरची घाई असते.

प्राची_नैरोबी

छान धागा. इथे पाणी-स्वच्छतेच्या क्षेत्रातच काम करते, त्यामुळे थोडं लांबून.

मोजणीचं म्हणाल तर २०१५ पर्यंत जगभर हेच चाललं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या सहस्रक उद्दिष्टांत ‘सुधारित’ संडास आणि ‘सुधारित’ पाणी मोजायचे. भांडं आहे ना, झालं तर मग. बांगलादेशात कॉलरा-हगवण टळावी म्हणून १९७० च्या दशकापासून लाखो हातपंप बसले. नव्वदच्या दशकात कळलं की त्यांतल्या कित्येकांच्या पाण्यात अर्सेनिक आहे. मग पंप तपासून लाल आणि हिरवे रंगवले. लालचं पाणी प्यायचं नाही. पण व्याख्येप्रमाणे लालही ‘सुधारित’च.

२०१५ नंतर व्याख्या बदलली. आता मैला जागेवर जिरतो का किंवा नेऊन त्यावर प्रक्रिया होते का, हेही बघतात. पाणी घरात आहे का, हवं तेव्हा आहे का, त्यात दूषण नाही ना, हे बघतात. या नव्या मापाने २०२४ मध्ये जगातल्या सुमारे २१० कोटी लोकांना सुरक्षित पाणी नव्हतं आणि ३४० कोटी लोकांच्या मैल्याची सुरक्षित विल्हेवाट लागत नव्हती. उघड्यावर जाणारे सुमारे ३५ कोटी. म्हणजे चावडीवरच्यांचा प्रश्न त्या ३५ कोटींचा नाहीच, ज्यांच्याकडे भांडं आहे आणि खाली काहीच नाही अशा कितीतरी मोठ्या गर्दीचा आहे.

नैरोबीतल्या मुकुरू वस्तीत तर खड्डा खणायलाच जागा नाही, गाडी शिरेल एवढी गल्ली नाही. इथल्याच किबेरा वस्तीत लोक रात्री प्लॅस्टिकच्या पिशवीत उरकून ती भिरकावत, ‘उडते संडास’ म्हणून ते जगभर बदनाम झाले. (२०१७ मध्ये केनियाने पिशव्यांवर बंदी घातली तेव्हा आमच्या ऑफिसात पहिला प्रश्न हाच आला होता, आता लोक काय करणार!) इथे ‘फ्रेश लाइफ’ नावाच्या संस्थेचे निळे संडास आहेत. खाली खड्ड्याऐवजी झाकणाचा डबा. कामगार हातमोजे-गणवेश घालून येतात, भरलेला डबा हातगाडीवरून नेतात, रिकामा ठेवतात. मैल्यावर माशीच्या अळ्या वाढवून कोंबड्यांचं खाद्य आणि खत करतात. हे काम स्वस्त नाही आणि नुसत्या खताच्या विक्रीवर निघत नाही. कोणीतरी सार्वजनिक पैसा घालावा लागतो, शहरातल्या गटारांसाठी घालतात तसाच. श्रीमंतांच्या गटाराला पायाभूत सुविधा म्हणायचं आणि गरिबाच्या डब्याला अनुदान, हे मला कधीच पटलेलं नाही.

दक्षिण आफ्रिकेत डर्बन महापालिकेने आणखी पुढचं पाऊल टाकलं. सेवेच्या यादीतल्या घरांचे खड्डे दर पाच वर्षांनी पालिका फुकट उपसणार, असं धोरणच केलं.

झुणकाभाकर

मी पुण्यात वस्तीत वाढले, त्यामुळे खड्ड्याचं नाही, रांगेचं सांगते.

१९९९ मध्ये आयुक्त रत्नाकर गायकवाड असताना पुण्यात वस्त्यांमध्ये मोठ्या प्रमाणावर सामुदायिक शौचालयं बांधली. स्पार्क आणि महिला मिलनसारख्या संस्था त्यात होत्या. बायांनी सांगितलं म्हणून लहान मुलांसाठी वेगळी जागा केली, छोटी भांडी, धरायला दांडी, कारण मोठ्यांच्या रांगेत पोरांना कोणी पुढे येऊ देत नाही आणि ती मग गटारावर बसतात. हे कागदावर बसून कोणाला सुचलं नसतं.

आमच्या गल्लीतल्या शौचालयाचा महिन्याचा पास होता. पासाचे पैसे घेऊन दिवसातून दोनदा धुणारा माणूस होता तोवर ते स्वच्छ होतं. पुढे कोणीतरी पुढाऱ्याने "फुकट करतो" म्हणून पास बंद केला. टाळ्या पडल्या. मग बल्ब गेला तो कोणी लावला नाही, कडी तुटली ती कोणी बसवली नाही. आम्ही बहिणी जोडीने जायचो, एक आत, एक दार धरून बाहेर. रात्री नकोच म्हणून संध्याकाळनंतर पाणी पीत नव्हतो.

मुंबईत पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, म्हणून २०११ पासून ‘राइट टु पी’ची चळवळ झाली. नाव ऐकून हसणारे बाप्येच जास्त होते.

टग्या_पाटील

ताई, म्हणजे फुकट केल्यावर बिघडलं, हे माझ्याच बाजूचं उदाहरण झालं की.

झुणकाभाकर

दादा, तुमच्या बाजूचं अर्धंच आहे. पाससुद्धा आम्ही धुण्यासाठी भरत होतो. इमारत, ड्रेनेजची जोडणी आणि पाण्याची लाइन पालिकेचीच होती. ते आम्ही गल्लीतून वर्गणी काढून करू शकलो नसतो.

चावडीवरचा

हीच विभागणी कराचीत ओरंगी वस्तीत झाली होती. १९८० मध्ये अख्तर हमीद खान यांनी तिथे काम सुरू केलं. घरातला संडास, गल्लीतली जमिनीखालची गटारलाइन आणि वस्तीतली मोठी जोडणी लोकांनी स्वतःच्या पैशाने करायची. गल्लीच आपला माणूस निवडणार, तोच पैसे गोळा करणार. पुढची मुख्य वाहिनी आणि प्रक्रिया केंद्र सरकारने करायचं. गल्ल्यांनी आपलं काम खरोखर केलं, तेही सरकारी खर्चाच्या अंदाजापेक्षा कितीतरी स्वस्तात. सरकारी अर्धं मात्र रखडत राहिलं, आणि मैला नाल्यातून समुद्राकडे गेला. त्या कामात पुढे राहिलेल्या वास्तुविशारद परवीन रहमान यांचा २०१३ मध्ये गोळ्या घालून खून झाला. वस्त्यांचे, जमिनीचे, पाण्याचे नकाशे काढणं काहींना परवडत नव्हतं.

म्हणून पाटील, ‘लोकांनी आपापलं करावं’ म्हणताना पुढचा पाइप कोणाचा हे लिहून घ्या.

मनीषा_के

आणि जागा कोणाची हेही. मुंबईत बरीच वर्षं नियम होता की २००० नंतरच्या झोपडीला नळजोडणी नाही. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१४ ला सांगितलं की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, झोपडी बेकायदा असली तरी पाणी नाकारता येणार नाही. वाटल्यास दर जास्त लावा, म्हणाले. पालिकेचं ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण यायला त्यानंतर २०२२ उजाडलं. मधल्या काळात तेच पाणी लोक कॅनने विकत घेत होते, इमारतीतल्या माणसापेक्षा किती तरी पट जास्त पैसे देऊन.

नवखा_सरपंच

वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही. आमच्याकडे पंचवीसएक घरांचे एकखड्डी संडास भरलेत. माती काळी, पावसाळ्यात पाणी जिरत नाही. दुसरा खड्डा खणायचा तर काही घरांच्या जवळ विहीर आहे. ओळंबा, काय करावं? ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाचे थोडे पैसे आहेत.

ओळंबा

सरपंच, विहिरीपासून निदान १० मीटर सोडा. तेवढी जागा नसेल त्या घराला खड्डा नकोच, तीन-चार घरांची पाइप ओढून लांब एक सामाईक जोडी करा. काळ्या मातीत खड्डा थोडा मोठा खणायचा आणि जाळीच्या भिंतीबाहेर चहूबाजूंनी ३० सेंटीमीटर जाडीचा वाळू-खडीचा थर भरायचा, म्हणजे पाण्याला जिरायला वाव मिळतो. पाणी फार वर येत असेल तर खड्डा अर्धा जमिनीवर घ्या आणि भोवती मातीचा भराव करा, पावसाचं पाणी आत शिरता कामा नये. दोन खड्ड्यांत निदान एक मीटर अंतर हवं.

भरलेल्या खड्ड्यात लगेच कोणाला उतरवू नका, कितीही घाई असली तरी. नवा खड्डा जोडा, चेंबरमध्ये जुन्याचं तोंड बंद करा, झाकणावर बंद केल्याची तारीख ऑइलपेंटने लिहा. ग्रामसेवकाच्या वहीतही ती तारीख घाला. दोन पावसाळे गेल्यावर उघडा.

नवखा_सरपंच

तारखेचं आवडलं. सामाईक जोडीला दोन भावकीतली घरं तयार होतील असं वाटत नाही, पण परवा मासिक सभा आहे, विषय घेतो. काळ्या मातीतल्या खड्ड्याचं अंदाजपत्रक करून द्याल का? खरडवहीत नंबर टाकतो.

टग्या_पाटील

सरपंच, खत निघालं की कळवा. आमच्या उसाला घेऊन जाईन, रोख पैसे देऊन.